चौथ्या दिवशी तो आला नाही

शूटिंगच्या चौथ्या दिवशी पहाटे पाचला शिरपूर तालुक्यातल्या एका शेतात सगळं युनिट हजर होतं. दोन मुख्य नटांपैकी एक तेवढा नव्हता. फोन लागत नव्हता, पण सातपुड्याच्या पायथ्याला फोन न लागणं ही काही बातमी नव्हे. साडेसातला ऊन कपाशीवर आलं आणि ज्या धुक्यासाठी सगळे तीनला उठले होते ते विरून गेलं. तोवर युनिटने निदानही करून टाकलं होतं. "विषयाला घाबरला. घरी कळलं असणार."

निदान साफ चुकलं होतं. ते कसं चुकलं हे लिहून ठेवतोय, कारण हौसेने लघुपट करणारी पोरं आता खान्देशात गावोगाव आहेत आणि हीच चूक तीही करतील. मी या लघुपटाचा लेखक नाही की दिग्दर्शक नाही. धुळ्यात बरीच वर्षं एकांकिका बसवतो, त्या ओळखीने संहिता वाचायला आणि तालमी बघायला मला बोलावलं होतं. चुकीत माझाही वाटा आहे, तो पुढे येईलच. नावं कुणाचीच देत नाही. त्यातल्या काहींना अजून त्याच गावांत राहायचं आहे.

गोष्ट

अर्ध्या तासाचा लघुपट. तापीकाठच्या गावातला एका पाटलाचा मुलगा, बारावीनंतर पुण्याला शिकून परत आलेला. त्याला मुली आवडत नाहीत. पुण्यात त्याचा एक मित्र आहे, मित्रापेक्षा जास्त आहे. घरात सोयरिकीची बोलणी सुरू झाली आहेत. हे सगळं तो गावात एकालाच सांगतो. तो एक जण म्हणजे त्यांच्या सालदाराचा, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचा मुलगा. पावरा या आदिवासी समाजाचा, त्याच्याच वयाचा, त्याच्याबरोबर त्याच शेतात वाढलेला. गावात दोघांची जोडी सगळ्यांना माहीत.

दिग्दर्शकाचं वय चोवीस, राहणार धुळ्याच्या देवपूर भागात. पहिल्या वाचनाला तो म्हणाला, "सर, सिनेमा मैत्रीचा आहे. वंशाची रेघ ओलांडणाऱ्या मैत्रीचा."

हा शब्द त्याच्याकडे आला कुठून, तर 'माय ब्युटिफुल लाँड्रेट' बघून. १९८५ चा ब्रिटिश चित्रपट, लेखन हनीफ कुरेशीचं, दिग्दर्शन स्टीफन फ्रिअर्सचं. चॅनल फोरच्या पैशातून टीव्हीसाठी म्हणून सोळा मिलिमीटरवर केलेलं हे काम पुढे थिएटरांत लागलं आणि कुरेशीला पटकथेसाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं. आपल्या प्रेक्षकाला त्यात सईद जाफरी आणि रोशन सेठ भेटतात. ओमर हा दक्षिण लंडनमधल्या पाकिस्तानी घरातला मुलगा, जॉनी त्याचा गोरा शाळासोबती. हा जॉनी मधल्या काळात वंशद्वेष्ट्यांच्या मोर्चात चालून आलेला आहे आणि ओमर ते विसरलेला नाही. काकाचं बुडीत लाँड्रीचं दुकान ओमर चालवायला घेतो आणि जॉनीला कामावर ठेवतो. दोघांत प्रेम आहे, त्यात काही शंका नाही. पण ज्यांनी आपल्याला लाथाडलं त्यांतलाच एक आता आपली फरशी पुसतोय, हे ओमर त्याला बोलून दाखवतो.

आमच्या पोरांनी त्यातलं प्रेम उचललं. फरशी लंडनलाच राहिली.

आणि 'वंश' हा शब्द इथे कसा लावायचा? लंडनमध्ये रेघ कातडीवर दिसते. इथे पाटील आणि पावरा कपाशीत शेजारी शेजारी उभे केले तर नोव्हेंबरच्या उन्हाने दोघे सारखेच रापलेले असतात. आमच्याकडची रेघ सातबाऱ्यावर आहे. सपाटीवरची जमीन भिल्लांच्या हातून कशी गेली, सालदारी कशी वाढली, १९७१-७२ च्या सुमारास शहादा तालुक्यात आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंतींच्या मागे माणसं का उभी राहिली, श्रमिक संघटना का निघाली, हे दिग्दर्शकाने ऐकलेलंच नव्हतं. त्याला दोष देत नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, तेव्हापासून 'आदिवासींचं ते सगळं तिकडे' असं धुळ्याच्या शहरी माणसाने सोयीने धरून ठेवलं आहे. २०११ च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची जवळजवळ एक तृतीयांश वस्ती आदिवासी आहे, तरीही.

काजळी

पावरा मित्राच्या भूमिकेला आधी धुळ्यातलाच एक मुलगा घेतला होता. चांगला नट. लुक टेस्टच्या दिवशी मेकअप करणाऱ्या ताईंनी त्याला दोन छटा गडद करून आणलं, केसांना तेल चोपडलं, गळ्यात काळा दोरा घातला. मी तिथेच बसलो होतो. "थोडं कमी करा," एवढंच म्हणालो. माझा वाटा तो हा. आक्षेप प्रमाणाला घेतला, रंग लावण्याला नाही.

मोडता घातला तो कॅमेरामनने, आणि तोही तांत्रिक. उन्हात मानेपाशी रंगाची कड दिसते म्हणाला. मग खरा पावरा मुलगा शोधायचं ठरलं. धुळ्यात आदिवासी मुलांच्या वसतिगृहात राहून बी.ए. करणारा एक मुलगा मिळाला. कॉलेजच्या युवक महोत्सवात मूकनाट्य केलेला, उंच, बोलायला कमी. संहिता त्याने एका रात्रीत वाचली. दुसऱ्या दिवशी तालमीला आला आणि एकच प्रश्न विचारला.

"सर, हा मला सगळं सांगतो. मी याला काय सांगतो?"

दिग्दर्शक म्हणाला, "तू त्याचं ऐकून घेतोस ना, तीच तुझी ताकद आहे." मुलगा बरं म्हणाला. मीही वहीत काहीतरी टिपलं आणि पुढच्या प्रवेशाकडे वळलो. संहितेचं सगळं दुखणं त्या एका प्रश्नात होतं, ते मला चौथ्या दिवशी कळलं.

कपाशीत

दहा वाजता मी आणि दिग्दर्शक मोटरसायकलवर त्याला शोधायला निघालो. अनेर नदी ओलांडून पाड्यावर गेलो तर घराला कडी. शेजारच्या म्हातारीने हाताने दिशा दाखवली. तो आई आणि बहिणीबरोबर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होता. कमरेला ओटी बांधलेली, ती पोटापाशी फुगलेली. आम्हाला बघून थांबला नाही. बोंडातून कापूस ओढत ओळीने पुढे सरकत राहिला आणि आम्ही दोघे शहाणे बांधाबांधाने त्याच्या बरोबर चालत राहिलो.

"आलो असतो दादा," तो दिग्दर्शकाला म्हणाला. "पण वेचणीचे दिवस आहेत. तीन दिवस तिकडे गेले. इथे किलोवर पैसे मिळतात."

"अरे मग सांगायचं ना!"

"कॅमेरेवाल्या सरांना रोजचे मिळतात. ताईंना मिळतात. गाडीवाल्याला मिळतात. मला विचारायचं होतं, पण तुम्ही म्हणाला होता, आपण सगळे मित्र म्हणून करतोय."

दिग्दर्शक काही बोलला नाही. दोष हेतूचा नव्हता, हे मी बघितलेलं आहे. त्याने स्वतः एक पैसा घेतला नव्हता, उलट लॅपटॉप विकला होता. पाटलाच्या मुलाचं काम करणारा नटही फुकट होता. पण त्याच्या घरी दिवाळीच्या सुट्टीत कुणी वेचणीला जात नाही. दोघांना सारखंच काही न देणं हे सारखं नव्हतं.

मी विचारलं, "आणि विषयाचं काय? घरी सांगितलंस?"

तो पहिल्यांदा हसला. "सांगितलं ना. आई म्हणाली, पाटलाच्या पोराचं पाटील बघेल."

आदिवासी समाजात हे सगळं मोकळं असतं, असा निष्कर्ष आमच्या काही पुणेकर मित्रांनी यावरून लगेच काढला. तो काढू नये. वसतिगृहातल्या पोरांनी या मुलाला महिनाभर छळलं होतं, त्याच्या खोलीच्या दारावर खडूने नको ते लिहिलं होतं. ते त्याने आम्हाला फार नंतर सांगितलं. पण त्यामुळे तो आला नाही असं झालं नव्हतं. ते तो झेलत होता.

मग म्हणाला, "अजून एक आहे. तो कप."

कप

संहितेत एक प्रवेश होता. पाटलाच्या खळ्यात दोघे चहा पितात. सालदाराच्या घरच्यांचा कप वेगळा, गोठ्याच्या कोनाड्यात उपडा ठेवलेला. पाटलाचा मुलगा येतो, सगळ्यांच्या देखत तो दांडी तुटलेला कप उचलतो आणि त्यातून चहा पितो. पार्श्वसंगीत. वाचनाला या जागी आमच्यातल्या दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या वहीत त्या प्रवेशापुढे 'उत्तम' असं लिहिलेलं आजही आहे.

तिसऱ्या दिवशी हाच प्रवेश चित्रित झाला होता. अकरा टेक.

कपाशीत उभ्या उभ्या तो म्हणाला, "तो माझ्या कपात पिला तर तो मोठा होतो. मी त्याच्या कपात पिलो तर मला मार पडतो. मग यात मैत्री कुठली?" आणि थोड्या वेळाने, "माझा बाप साल घालायचा तेव्हा तो कप मीच धुवायचो. बाप म्हणायचा नीट धू, नाहीतर पुढच्या वेळी चहा अर्धाच ओततील."

मी तीस वर्षं लोकांना शिकवत आलोय की रंगमंचावरची वस्तू बोलली पाहिजे. ही वस्तू माझ्यासमोर अकरा वेळा खोटं बोलली आणि मी वाहवा केली.

त्या दुपारी शूटिंग बंद ठेवलं. सगळे खळ्यात बसले, तो मुलगाही आला, आईला विचारून. आधी पैशाचं मिटवलं. दोन्ही नटांना कॅमेरामनच्या मदतनीसाएवढा रोज, गेलेल्या तीन दिवसांसकट. पैसे आणायचे कुठून, तर ड्रोन रद्द केला. सातपुडा वरून कसा दिसतो ते कुणालाही माहीत आहे, त्यावाचून काही अडलं नाही.

नंतर संहिता. त्याचा तो जुना प्रश्न मी वहीतून शोधून काढला आणि मोठ्याने वाचला. मग गोष्ट पुन्हा मांडायला लागलो तेव्हा जे दिसलं ते कुणालाच आवडलं नाही. पाटलाच्या मुलाने आपलं गुपित सालदाराच्या मुलाला का सांगितलं? जीव लावला म्हणून, असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्याच्या वर्गातले, भावकीतले चार मित्र गावात होतेच की. त्यांना सांगितलं असतं तर संध्याकाळी पारावर झालं असतं. सालदाराच्या मुलाने सांगितलं असतं तर कुणी मानलं नसतं, वर त्यालाच फटके बसले असते. गुपित त्याच्याजवळ सुरक्षित होतं कारण गावात त्याच्या शब्दाला किंमत नव्हती. जीव होता, तोही खरा होता. पण तो या सोयीवर उभा होता आणि पाटलाच्या मुलाला त्याचा पत्ता नव्हता. आम्हालाही नव्हता.

कपाचा प्रवेश पुन्हा केला. आता पाटलाचा मुलगा मोबाइलवर पुण्याच्या मित्राचा निरोप वाचतोय, स्वतःतच बुडालेला. सालदाराचा मुलगा कोनाड्यातला कप काढतो, वरून ओतलेला चहा घेतो, पितो, नळावर धुतो, उपडा ठेवतो, येऊन शेजारी बसतो. "काय म्हणतो तुमचा मित्र?" विचारतो. कप कुणाच्या लक्षात येत नाही. एकाच टेकमध्ये झालं. दिग्दर्शकाला शेवटी एक वाक्य घालायचं होतं, की तुझं एक गुपित आहे, माझा कप तर सगळ्या गावाला दिसतो. वाक्य टाळीचं होतं. त्या मुलाने ते दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाला, "असं कोण बोलतं?" गेलं ते वाक्य.

बापू, तुम्ही

हाक मारण्याचा प्रश्न मी लावून धरला, एवढं श्रेय मला घेऊ द्या. पहिल्या संहितेत दोघे एकमेकांना अरेतुरे करत होते. मैत्री आहे म्हणून. आमच्याकडे पाटलाच्या पोराला वयाच्या दहाव्या वर्षापासून बापू, नाना, आबा असं काहीतरी म्हणतात, आणि सालदाराचं पोर तर म्हणतंच. त्या हाकेत लाड असतो आणि पायरीही असते, दोन्ही एकदम. तेव्हा ठरलं की पावरा मित्र संपूर्ण लघुपटात 'बापू, तुम्ही' म्हणेल आणि पाटलाचा मुलगा त्याला नावाने, 'रे' लावून हाक मारेल. आणि या फरकावर कुणी काही बोलणार नाही.

त्याने सगळ्यात मोठा फायदा झाला तो रात्रीच्या प्रवेशाला. शेतीची लाइट आठवड्याआड रात्रीची असते, हे इथे सांगायला नको. दोघे रात्री दोनला पाणी भरायला गेलेत. पाटलाचा मुलगा बॅटरी धरून बांधावर, दुसरा चिखलात फावडं घेऊन. अंधारात, तोंड दिसत नसताना, तो सांगतो. समलिंगी हा शब्द पुस्तकी, गे हा पुण्याचा, गावातले जे शब्द आहेत ते शिव्या. मग अहिराणीत साधं वाक्य ठेवलं: "माले पोरी आवडतस नही."

याला उत्तर काय द्यायचं यावर पहिल्या संहितेत पाऊण पान होतं, मिठीसकट. त्या मुलाने फावडं हातात घेऊन बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, पाणी फुटलं तर मी आधी पाणी बघेन." तसंच केलं. तो थोडा वेळ उभा राहतो. मग म्हणतो, "बापू, बॅटरी तिकडे मारा. तठे पाणी फुटी गयं." जाऊन दार बांधतो. परत येऊन विचारतो, "त्याले माहीत शे?" पुण्याच्या मित्राला. बस. लघुपटात याहून जास्त समजूतदारपणा कुठेच नाही आणि तो चिखलात पाय रोवून केलेला आहे.

कायद्याबद्दल थोडं. दिग्दर्शकाला काळ २०१७ चा हवा होता, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ डोक्यावर टांगलेलं राहील. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ ला दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये काढून घेतला होता आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सज्ञानांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले, मधला काळ खरोखरच भीतीचा होता. पण तो वकिलाच्या आणि शहराच्या भीतीचा. या मुलाच्या घरात ३७७ कुणाला ठाऊक असणार? तिथे भीती 'मुलगी बघायला कधी जायचं' या वाक्याची, आणि ते वाक्य २०१८ नंतरही तसंच आहे. लग्नाच्या हक्काला तर सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला नकारच दिला. काळ आजचा ठेवला.

आखाजी

शेवटचे दोन दिवस एप्रिलमध्ये शूट केले, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं ठरतं, उचल म्हणजे आगाऊ रक्कम दिली-घेतली जाते, हिशेब निघतात. पाटलाच्या मुलाने लग्नाला नकार दिला आहे. घरात भांडण. राग कुणावर तरी निघायला हवा, तो सालदारावर निघतो: याच्याच पोराने आमच्या पोराला बिघडवलं. साल मोडतं. जुनी उचल अंगावर असताना. पहिल्या संहितेत इथे पाटलाचा मुलगा बापापुढे उभा राहून भाषण करत होता. आता तो ओसरीवर उभा राहतो आणि गप्प राहतो. त्याला बोलायचं आहे हे दिसतं. बोलला तर स्वतःबद्दलही सांगावं लागेल, हेही दिसतं.

रस्त्यावर तो मित्राला गाठतो तेव्हा मित्र त्याला लघुपटात पहिल्यांदा 'तू' म्हणतो. "तू बोलना नही." तू बोलला नाहीस. अहिराणीत ही तीन पदं. जिव्हाळ्याचा 'तू' आणि तुटल्यानंतरचा 'तू' यांत कानाला काहीच फरक नाही, म्हणून ते वाक्य सपाट आवाजात ठेवलं.

धुळ्यात एका कॉलेजने सभागृह देतो म्हणून सांगितलं आणि दोन दिवस आधी 'तांत्रिक अडचण' कळवली. ही अडचण मात्र विषयाचीच होती, ते कारण कुणाला शोधावं लागलं नाही. मग एका मित्राच्या गच्चीवर चाळीस खुर्च्या मांडून दाखवला. आलेल्यांत दोघे-तिघे न बोलता बराच वेळ मागे रेंगाळले, त्यातल्या एकाने दिग्दर्शकाचा नंबर घेतला. त्याबद्दल जास्त लिहिणं बरं नाही.

मे महिन्यात त्या मुलाच्या पाड्यावर पांढरी चादर बांधून दाखवला. शंभरेक माणसं, अर्धी खाटांवर, अर्धी जमिनीवर, पोरं प्रोजेक्टरच्या झोतात हात घालून सावल्या करणारी. रात्रीच्या प्रवेशाला हशा पिकला आणि आमच्या पोटात गोळा आला. चौकशी केली तर पाटलाच्या पोराने बॅटरी उलट्या बाजूला धरली होती, पाणी दुसरीकडेच चाललं होतं, त्याला हसले. कपाच्या प्रवेशाला कुणी हललं नाही.

संपल्यावर पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने पावरीत काहीतरी विचारलं. त्या मुलाने आमच्यासाठी मराठीत सांगितलं.

"विचारतात, त्याच्या बापाची उचल फिटली का मग?"

दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं. मी वही चाळली. पाच वेळा लिहिलेल्या संहितेत उचल किती होती तो आकडाच आम्ही कधी लिहिला नव्हता. म्हातारा थांबला होता. शेवटी त्या मुलानेच त्याच्या भाषेत त्याला काहीतरी उत्तर दिलं, बरंच लांब, मध्ये बोटांवर हिशेब करत. म्हाताऱ्याने मान हलवली आणि तो खाट उचलून घराकडे निघाला.